भांड्यांवरचं नाव

“मंगळसूत्र नसलेली नाही का हो एखादी?” आक्का हर्डीकरांनी विचारलं.

बाबीशेट चितारी हातातला ब्रश तसाच धरून त्यांच्याकडे बघत राहिले. खारीच्या शेपटीच्या केसांचा तो ब्रश इतका बारीक की त्याच्या टोकाला जेमतेम एक काळा ठिपका राहायचा. तोच ठिपका ते एका लाकडी बाहुलीच्या गळ्यात लावत बसले होते.

“मंगळसूत्र नसलेली?”

“हो. कुंकू चालेल. मंगळसूत्र नको.”

“बाई, ही बाहुला-बाहुलीची जोडी. नवरा-बायको. मंगळसूत्र नाय तर कसा चालात?”

“आम्हाला जोडी नकोच आहे. नुसती बाहुली द्या.”

बाबीशेटनी ब्रश वाटीच्या कडेवर आडवा ठेवला. “जोडी फोडूची नाय,” ते म्हणाले. “आमच्या बापाशीन कधी फोडूक नाय, मी फोडूचंय नाय.”

सावंतवाडीच्या चितारआळीतलं हे दुकान. डाव्या हाताला लाखेच्या रंगांची लाकडी खेळणी: भोवरे, भिंगऱ्या, पांगुळगाडे, खोटे आंबे, खोटी सीताफळं. उजव्या हाताला गोळ्यांच्या बरण्या, लिमलेटच्या, पेपरमिंटच्या, बडीशेपेच्या, आणि खाली टोपलीत आल्याचा वास मारणारं खाजं. खेळणं माणूस वर्षातून एकदा घेतो, गोळी रोज घेतो, असा बाबीशेटचा हिशेब. लहानपणी मी आईबरोबर या दुकानात यायची. आई गेल्यावर मामांच्या मुलांना घेऊन यायची. त्या दिवशी आले ती नवरी म्हणून. साल एकसष्ट, वैशाख महिना. लग्नाला बारा दिवस राहिले होते.

आम्ही चौघं होतो. मी, माझी मामी, होणाऱ्या सासूबाई म्हणजे आक्का, आणि नवरदेव. नवरदेव बरण्यांपाशी उभे होते. नाव विश्वनाथ, वय चाळिशीला टेकलेलं, कुडाळला सरकारी नोकरी, डोक्यावर काळी टोपी. दुकानात शिरल्या शिरल्या त्यांनी पेपरमिंटच्या बरणीचं झाकण काढून दोन गोळ्या तोंडात टाकल्या होत्या. विचारलं नव्हतं. एका गालात एक आणि दुसऱ्या गालात दुसरी अशा त्या ठेवल्यामुळे त्यांचा चेहरा एकदम भरल्यासारखा दिसायला लागला. मला वाटलं, चला, बरा दिसण्याचा हाही एक उपाय आहे.

मी चोवीस वर्षांची होते. मामा त्याला घोडनवरी म्हणायचे, माझ्या देखत. मामांना चार मुलं आणि राहायला दोन खोल्या. आई-वडिलांच्या मागे त्यांनी मला नऊ वर्षं सांभाळलं, मॅट्रिक केलं, हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. हर्डीकरांचं स्थळ आलं तेव्हा मामा म्हणाले, “द्वारके, बिजवर आहे. पहिली बायको विषमज्वरानं गेली. चार वर्षांची एक मुलगी आहे. हुंडा मागत नाहीत. हे शेवटचं. यानंतर मी चपला झिजवणार नाही.”

मी हो म्हटलं. कुणी बळजबरी केली नव्हती. ती मुलगी, शकू, मी पाहिलीही नव्हती. पण रात्री अंथरुणावर पडलं की मी तिचाच विचार करायची. तिच्या बापाचा विचार करण्यासारखं काही सापडत नव्हतं.

आक्का त्या दिवशी सकाळच्या गाडीनं कुडाळहून आल्या, त्या शकूसाठी खेळणं घ्यायचं म्हणून. “नव्या आईच्या हातून पोरीला काहीतरी गेलं पाहिजे,” असं त्यांनी आमच्या घरी सांगितलं होतं. मला ते फार आवडलं होतं. दुकानात आल्याबरोबर मी शकूसाठी भातुकली निवडून ठेवली. पोळपाट-लाटणं, जातं, एवढीशी घागर, सगळं लाल-पिवळं. आक्कांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“गिरिजे, ते राहू दे. इकडे ये,” त्या म्हणाल्या.

गिरिजा म्हणजे मी. हर्डीकरांकडे गेल्यावर माझं नाव गिरिजा होणार होतं आणि साखरपुड्याच्या दिवसापासूनच आक्का मला त्या नावानं हाक मारत होत्या. “सवय झालेली बरी,” असं त्यांचं म्हणणं. द्वारका हे नाव काही मला फारसं प्रिय नव्हतं. शाळेत मुली बेट द्वारका म्हणून चिडवायच्या. तेव्हा त्याचंही मला वाईट वाटलं नाही.

“मी सांगते, जोडीचे पैसे घ्या,” मामी बाबीशेटना म्हणाली. “बाहुला तुमच्याकडेच ठेवा. मग झालं?”

“बाहुल्याक ठेवन मी काय करू? तो एकटो कोण घेतलो?”

“कुणीतरी घेईल.”

“एकट्या बाहुल्याक कोण इचारणा नाय, बाई. तो बाजारात असोच आसता.” बाबीशेटनी हे बोलताना बरण्यांकडे पाहिलं. विश्वनाथराव तेव्हा एक पिपाणी उचलून तिच्यात हळूच फुंकून बघत होते. गोळ्या तोंडात असल्यामुळे वारा जमत नव्हता.

मला हसू आलं. मामीनं कोपरानं ढोसलं.

“विसू, ठेव ती,” आक्का म्हणाल्या. “आणि गोळ्या पुरे. खोकला होईल, बारा दिवसांवर लग्न आलंय.”

विश्वनाथरावांनी पिपाणी ठेवली आणि खिशातला रुमाल काढून तोंड पुसलं. साखरपुड्यापासून त्या दिवसापर्यंत ते माझ्याशी चार वाक्यं बोलले होते. त्यातली दोन कुडाळच्या हवेबद्दल होती.

आक्कांनी ओळीतल्या बाहुल्या एकेक करून उचलायला सुरुवात केली. चेहरा त्या बघतच नव्हत्या. बाहुली उलटी करायच्या, तळ बघायच्या, नखानं टिचकी मारायच्या, कुठे चीर आहे का ते बघायच्या. बाजारातून नारळ घेताना बायका करतात तसं.

“अखंड हवी,” त्या म्हणाल्या. “आणि कुणी खेळलेली नको. नवी आहे ना ही?”

“दुकानातली बाहुली नवीच आसता.”

“तसं नाही. परत आलेली वगैरे नाही ना?”

“आक्का,” मी म्हटलं, “शकूला जोडी आवडेल. बाहुला-बाहुलीचं लग्न लावता येतं. मी लहान असताना लावलं होतं. पलीकडच्या गोठोसकरांची बाहुली होती, आमचा बाहुला. आईनं शिरा केला होता.”

“शकूला कशाला बाहुली?” आक्का म्हणाल्या. “दोन दिवसांत मोडून टाकील.”

“मग ही कुणासाठी?”

आक्कांनी पुढची बाहुली उलटी केली. मामी एकदम खाज्याच्या टोपलीवर वाकली आणि ताजं आहे का म्हणून विचारायला लागली. खाजं ताजं आहे की नाही हे मामीनं जन्मात कधी विचारलं नव्हतं. घरात कुणी खायला मागेल या भीतीनं ती टोपलीच्या बाजूनं चालायचीही नाही.

तेवढ्यात आक्कांनी बाबीशेटच्या समोरची बाहुली उचलली, त्यांनी नुकतीच रंगवलेली. हिरवं लुगडं, पिवळे काठ, कपाळावर तांबडा टिळा, आणि गळ्यात ओले काळे मणी, अर्धेच झालेले.

“ही चालेल,” आक्का म्हणाल्या. “हिचं अजून पुरतं झालेलं नाही.”

“बाई, ओला आसा तां.”

“ओलं आहे तेच बरं,” आक्का म्हणाल्या आणि अंगठ्याच्या नखानं त्यांनी ते मणी खरवडायला घेतले. एक, दोन, तीन. मणी निघत नव्हते, फिसकटत होते. बाहुलीचा गळा काळा झाला. आक्कांचं नख काळं झालं. मग त्यांनी पदराचं टोक ओठांत ओलं केलं आणि त्यानं पुसायला लागल्या.

बाहुली लाकडाची, रंग दोन पैशांचा. पण सधवेच्या गळ्यातलं कुणी असं काढताना मी फक्त एकदा पाहिलं होतं, वडील गेले तेव्हा आईचं, आणि मी पंधरा वर्षांची होते.

बाबीशेट उठून उभे राहिले. बुटके होते, गादीवर बसलेलेच बरे दिसायचे. त्यांनी आक्कांच्या हातातली बाहुली काढून घेतली. हिसकावली नाही. एखाद्या मुलाच्या हातातून सुरी घ्यावी तशी घेतली. मग आमच्या तिघींकडे बघून शेवटी त्यांनी विश्वनाथरावांना विचारलं.

“ह्यां कोणाचां तिसरां लगीन आसा?”

विश्वनाथरावांच्या तोंडात पेपरमिंट दातावर आपटल्याचा आवाज तेवढा आला.

आता हे सांगायला हवं, कारण हल्लीच्या माणसांना ठाऊक नसतं. तिसरं लग्न लाभत नाही, बायको जगत नाही, अशी आमच्याकडे समजूत होती. म्हणून दोन बायका गेलेल्या माणसाचं तिसरं लग्न आधी रुईच्या झाडाशी लावायचे. तिसरेपणाचं जे काही व्हायचं ते रुईचं होवो. त्यानंतर जी मुलगी येते ती चौथी. लहानपणी गावाबाहेरच्या रुईला असं कुंकू लावलेलं मी पाहिलं होतं. आईनं मला हात धरून लांबून नेलं होतं.

पण रुई असते रस्त्याच्या कडेला, उघड्यावर. तिच्याशी लग्न लावायचं म्हणजे सगळा गाव बघणार.

“बाहुली चालते असं भटजींनीच सांगितलंय,” मामी खाज्याकडे बघत म्हणाली. “घरातल्या घरात होतं. फक्त ती मुलीच्या बाजूनं यायला हवी, म्हणून आम्ही आलो.”

म्हणजे मामीला ठाऊक होतं. मामांना ठाऊक होतं. बाहुलीचे पैसे कुणी द्यायचे इथपर्यंत ठरलेलं होतं. ठरलेलं नव्हतं ते एवढंच की बाहुल्यांना मंगळसूत्र असतं. हे या शहाण्यांपैकी कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

“मामी, तुम्ही मला बिजवर म्हणून सांगितलंत,” मी म्हटलं.

“अगं, बिजवर काय नि तिजवर काय,” मामी म्हणाली. “एका अक्षराचा तर फरक.”

“आणि पहिली?”

“पहिली कसली धरतेस,” आक्का म्हणाल्या. त्या अंगठा पदराला पुसत होत्या. “आठ महिने होती. मूल नाही, बाळ नाही. वीस वर्षं झाली त्याला. आम्ही तिला मोजत नाही.”

“मग बाहुली कशाला?”

“ती देवासाठी. देवाला मोजावी लागते.”

हे त्या इतक्या सहज म्हणाल्या की मला त्यांचा राग येण्याआधी त्यांची कीव आली. माणसांना फसवायचं त्यांना काहीच वाटत नव्हतं, फक्त देवाशी व्यवहार चोख हवा होता.

“कशानं गेल्या त्या?” मी विचारलं.

“जायची होती, गेली,” आक्का म्हणाल्या. “गिरिजे, चारचौघांत असं विचारत बसू नये. बाबीशेट, ती बाहुली बांधा. जोडी तर जोडी. बाहुला आम्ही वाटेत कुणाच्या पोराला देऊ.”

बाबीशेटनी बाहुली बांधली नाही. ती त्यांच्या हातातच होती. ते माझ्याकडे बघत होते, मामीकडे नाही, आक्कांकडे नाही. मला लहानपणापासून ओळखणारा त्या दुकानात तेवढा एकच माणूस होता.

मी विश्वनाथरावांकडे गेले. त्यांच्याइतक्या जवळ मी त्याआधी कधी उभी राहिले नव्हते. पेपरमिंटचा वास येत होता. त्यांना मी थेट काही विचारीन हे त्यांना अपेक्षित नसावं. त्यांनी टोपी सरळ केली.

“त्यांचं नाव काय होतं?” मी विचारलं.

“कुणाचं?”

“तुमच्या पहिल्या बायकोचं.”

त्यांनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. चाळीस वर्षांचा माणूस आठवत होता. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख असतं तर, आता सांगते, मी त्या घरात गेले असते. लाज असती तरी गेले असते. मला जायला दुसरं घर नव्हतं. पण तिथे होती ती पाढा विसरलेल्या पोराची धडपड, आणि तीही फार नाही.

“गिरिजा,” ते म्हणाले.

“ते माझं नाव ठेवणार आहात.”

“हो. तिचंही तेच होतं.”

“आणि शकूची आई?”

“तीसुद्धा गिरिजाच.” आता त्यांना जरा मोकळं वाटलं, कारण हे उत्तर त्यांना येत होतं. “आमच्याकडे मोठ्या सुनेचं नाव गिरिजा.”

“भांड्यांवर घातलंय ना,” आक्का मागून म्हणाल्या. “पहिल्या वेळी सगळ्या भांड्यांवर ‘सौ. गिरिजा’ असं नाव घालून घेतलं. बंबापासून फुलपात्रापर्यंत. पुन्हा पुन्हा कोण खोडत बसणार? खोडलं की भांडं विद्रूप दिसतं.”

“पण त्यांची माहेरची नावं असतील ना,” मी विश्वनाथरावांना म्हटलं. “पहिल्या होत्या, त्यांचं माहेरचं नाव?”

त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं.

“आई,” ते म्हणाले, “काय गं होतं तिचं?”

आक्कांनाही आठवलं नाही. “काहीतरी सिंधू की बिंदू,” असं त्या म्हणाल्या. मग दोघंही, मायलेक, क्षणभर खरोखरच आठवायला लागली. एकमेकांकडे बघून, कपाळाला आठ्या घालून, हरवलेली किल्ली शोधावी तशी. मामी म्हणाली, जाऊ दे ना, आता काय करायचंय.

“आणि बाहुलीचं?” मी विचारलं. “तिचंही नाव ठेवावं लागेल ना, लग्नात?”

“गिरिजाच,” आक्का म्हणाल्या. “दुसरं कशाला?”

मी भातुकली उचलून फळीवर जागच्या जागी ठेवली. जातं तेवढं उलटं पडलं होतं, ते सरळ केलं. मग मामीला म्हटलं, “मी घरी जाते. यांना गाडीपर्यंत पोचवून ये.”

“द्वारके, डोकं ठिकाणावर आहे का? पत्रिका छापून झाल्यात.”

“मग एका अक्षराचा फरक करा,” मी म्हटलं.

आयुष्यात वेळेवर सुचलेलं ते माझं एकमेव उत्तर. एरवी मला उत्तरं जिना उतरल्यावर सुचतात.

आक्का माझ्यावर ओरडल्या नाहीत. त्या मामीला म्हणाल्या, “चोवीस वर्षं का राहिली ते कळलं आता.” आणि विश्वनाथराव? ते माझ्याकडे बघत होते खरे, पण त्यांचा हात पुन्हा पेपरमिंटच्या बरणीच्या झाकणावर गेला होता. त्या माणसाला नक्की काय झालं हे कळायला पुढची गाडी कुडाळला पोचावी लागली असेल.

मी पायरी उतरले तेव्हा बाबीशेटनी हाक मारली. “बाय.”

त्यांच्या हातात ती बाहुली होती, गळा काळा झालेली.

“घेवन जा,” ते म्हणाले.

“तुम्ही जोडी फोडत नाही ना?”

“ही आता जोडीतली नाय ऱ्हवली.”

मी बाहुली ओच्यात घेतली आणि उभ्या आळीतून घरी गेले. रंग ओला होता. माझ्या एकुलत्या एका बऱ्या लुगड्याला त्याचा डाग पडला, तो कधीच गेला नाही.

मामा तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी बोलले, ते न बोलते तर बरं झालं असतं. मामीनं माझं ताट वेगळं वाढायला सुरुवात केली. मे महिन्याच्या शेवटी शाळेतल्या माझ्या जुन्या बाईंनी मालवणच्या एका शाळेत चिठ्ठी दिली आणि जूनमध्ये मी तिथे लागले. भाड्याची खोली, एक स्टो, एक ट्रंक. पुढची एकतीस वर्षं मी त्याच शाळेत काढली. लग्न केलं नाही. मुलं मला शेवटपर्यंत द्वारकाबाई म्हणायची आणि पाठीमागे बेट द्वारका म्हणायची. मुली बदलतात, विनोद बदलत नाहीत.

विश्वनाथरावांच्या पाणउताऱ्याचा किस्सा मी कितीतरी वर्षं वापरला. शिक्षकांच्या खोलीत, हळदीकुंकवाला, गाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा मी तो सांगितलेला आहे. गोळी या गालातून त्या गालात कशी गेली, ते मी करून दाखवायची. बायका हसून हसून पडायच्या. दोन बायका झाल्या आणि एकीचं नाव आठवेना, असा पुरुष मी पाहिलेला आहे, असं मी म्हणायची. नाव विचारणारी मी एकटीच, हेही त्यात अर्थातच यायचं.

त्यापुढचं मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही.

नोकरीचा पहिला पगार झाल्यावर, श्रावणात, मी सावंतवाडीला आले होते. मामांच्या मुलांना गोळ्या घ्याव्यात म्हणून बाबीशेटच्या दुकानात गेले. ते भिंगऱ्यांना रंग देत होते. बसायला पाट दिला, आलेपाकाची वडी दिली आणि रंगवता रंगवता म्हणाले, “ती म्हातारी परत इली होती.”

“कोण, आक्का? कधी?”

“चार दिसांनी. लगीन त्याच मुहूर्तार लागला ना तेंचा.”

मला हे ठाऊक नव्हतं. मामांच्या घरी हर्डीकरांचं नाव कुणी काढत नव्हतं. लग्न झालं होतं, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी. फक्त मुलगी दुसरी होती. चार दिवसांत मिळाली होती. तिच्याही मामांना दोन खोल्या असतील.

“बाहुली दिलीत?”

“माझ्याकडे नाय म्हणान सांगलंय. मग तेंनी पलीकडच्या दुकानातसून घेतल्यानी. तो रंगवच्या आधीच्यो ठेवता.” त्यांनी भिंगरी फिरवून पाहिली. “म्हातारीच्या वांगडा एक चेडू होतां. तुझ्यापरास लहान. तकडे पायरेर उभा ऱ्हवलेलां. माझ्याकडे बघून हसलां.”

त्या मुलीला कुणी काही सांगितलेलं नसणार. ती शकूसाठी खेळणं घ्यायला आली असणार.

“तुम्ही तिला काही बोलला नाहीत?”

“मी काय सांगतलंय, बाय? माझ्या दुकानात खय इलां तां?”

“नाव काय तिचं?”

बाबीशेटनी ब्रश पाण्यात बुडवला, कडेला पुसला. “नाव कोण इचारता?” ते म्हणाले.

मी गोळ्या घेतल्या, मामांकडे दिल्या आणि संध्याकाळच्या गाडीनं मालवणला परत गेले.

मालवण ते वाडी मी त्यानंतर किती वेळा गेले-आले याची गणती नाही. मामा आजारी असताना, मामीच्या तेराव्याला, मामेभावंडांच्या लग्नांना. प्रत्येक वेळी कुडाळच्या स्टँडवर गाडी थांबायची. चहा व्हायचा, गाडी सुटायची. हर्डीकरांचं घर तिथून चालत पाच मिनिटांवर होतं. साखरपुड्याच्या बोलण्यात मामांनी तसं सांगितलं होतं, मारुतीच्या देवळामागे, दारात बकुळ. उतरून जायचं, पाणी मागायचं, बाईला बाहेर बोलवायचं. विचारायचं, तुझं नाव काय, माहेरचं. एवढंच काम होतं. मी खिडकीत बसून राहायची. एकदा तर माझ्या शेजारची बाई कुडाळची निघाली, मारुतीच्या देवळाजवळ राहणारी. मी तिला गोळीची गोष्ट सांगितली. माणसांची नावं मात्र सांगितली नाहीत.

बाहुली माझ्या कपाटात आहे. तिचा गळा अजून काळा आहे. माझ्या जागी जी गेली ती जगली का, तिला मुलं झाली का, शकूला तिनं कसं वागवलं, मला काही माहीत नाही. फक्त तिचं भांड्यांवरचं नाव तेवढं मला ठाऊक आहे.